पाटल्यांचं सोडून

वडूज,
रविवार

चि. सौ. माईस,

अनेक आशीर्वाद.

फोनच करणार होतो. पण फोनवर तू नुसतं ‘हं, हं’ करतेस, मग माझा आवाज चढतो आणि तुझी आई हातातून फोन काढून घेते. म्हणून कागद काढला. दाद्या म्हणत होता, लिहून द्या, फोटो काढून पाठवतो. म्हणजे तुझ्याआधी तो वाचणार, आणि त्याच्या खांद्यावरून वहिनी. त्यापेक्षा पोस्ट बरं.

पंचमीला आलीस आणि दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीनं गेलीस. चांगली आठवडाभर राहणार होतीस. तुझ्यासाठी बांधलेली दिंडं डब्यात तशीच राहिली. आईनं ती कुणाला खाऊ दिली नाहीत, शेवटी गाईला घातली. माझ्याशी ती कामापुरतं बोलते. जळालेल्या मोटारीचं वाइंडिंग भरून घ्यायला आलेलं गिऱ्हाईक माझ्याशी जास्त बोलतं.

आधीच सांगून टाकतो, पाटल्यांबद्दल या पत्रात काही विचारणार नाही. तू म्हणालीस, ‘आबा, माझ्या पाटल्या, माझा संसार, मी बघीन.’ बरोबर बोललीस. आजीनं त्या तुझ्या हातात घातल्या. तुझ्या आईला दिल्या नाहीत, आणि आईनंही कधी त्याचं वाईट वाटून घेतलं नाही. माझा तर त्यावर काडीचा हक्क नाही. मला फक्त तुझं त्या दिवशीचं एक वाक्य खुपतंय, आणि ते पाटल्यांबद्दल नाही. म्हणजे आहे, पण निराळं आहे. येतो त्यावर.

कासारीण बांगड्या भरत होती. तिनं तुझं मनगट दाबून बघितलं आणि सहज म्हणाली, ‘सणासुदीचं पाटल्या काढून ठेवल्या होय ताई?’ तुझ्या आईनं माझ्याकडं बघितलं. मी काही बोललो नव्हतो, हे लक्षात घे. तूच आपणहून सांगितलंस की त्या बँकेत आहेत, भोसरीच्या गाळ्यासाठी. मी ‘बरं’ म्हणालो. माझं ‘बरं’ तुला कसं ऐकू आलं कोण जाणे, कारण तू लगेच फाळक्यांची बायको काढलीस. ‘तुम्हीच सांगायचात ना आबा? सरस्वतीबाईंनी दागिने दिले म्हणून आपल्याकडं सिनेमा निघाला. त्यांनी दिले की मोठ्या, आणि मी दिले की तुमचं तोंड उतरतं.’ त्यावर मी म्हणालो की फाळके सिनेमा काढत होते, लेथ मशीन घेत नव्हते. आणि मग जे व्हायचं ते झालं.

ती गोष्ट मीच सांगितली, नाकबूल कशाला करू. मी तंबूतल्या सिनेमाचं मशीन चालवायचो तेव्हा पुसेगावच्या जत्रेत रात्रीचा शेवटचा खेळ सुटला की मशीन गार होईपर्यंत तू जागी राहायचीस आणि ‘फाळके सांगा’ म्हणून मागं लागायचीस. पण तू त्यातली अर्धीच गाठीला बांधलीस. पुरती ऐक.

1912 साली फाळके लंडनहून कॅमेरा घेऊन आले तेव्हा दादरच्या घरात कामाला माणूस म्हणजे ही बाई. कच्च्या फिल्मला तेव्हा कडेची भोकं पाडलेली नसायची. ती भोकं रात्री अंधारात बसून पाडायची कोणी? हिनं. फिल्म धुवायची औषधं कोण कालवायचं? हीच. भांडवलवाल्यांना पटावं म्हणून फाळक्यांनी आधी वाटाण्याचं रोप उगवताना दाखवणारी छोटी फिल्म केली, तीही घरच्या घरात, हिच्या डोळ्यांदेखत. शूटिंगला उन्हात पांढरी चादर धरून ही उभी, आणि तिथून आल्यावर सगळ्या मंडळींचा स्वयंपाक हिच्याच गळ्यात. तारामतीचं काम करायला बाई मिळेना, तेव्हा फाळक्यांनी हिलाच विचारलं. ही नाही म्हणाली. मी तोंडाला रंग लावून उभी राहिले तर बाकीचं कोण बघणार? मग हॉटेलातल्या स्वयंपाक्याला, अण्णा साळुंख्यांना, लुगडं नेसवलं. 3 मे 1913 ला गिरगावात कोरोनेशनमध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ लागला तेव्हा त्या फिल्मचा कुठला फूट कुठून आला हे तिला नवऱ्याइतकंच ठाऊक असणार.

म्हणजे बाईनं दागिने दिले हे खरं, पण धंद्यातली खिळ्यापासूनची माहिती तिला होती, आणि नको असेल तिथं नको म्हणायची सोयही होती. तू दागिन्यांपाशी गोष्ट थांबवलीस.

बघ, लागलो शाळा घ्यायला. तुझी आई म्हणते तसं, ह्यांना दोन माणसं समोर बसलेली दिसली की तंबू उभा करतात. सोड. गाळा कसा आहे? उजेड आहे का आत? थ्री फेजचं कनेक्शन मिळालं का? मिळालं नसेल तर जावईबापूंना म्हणावं, अर्जासाठी थांबून राहू नका, माणूस समक्ष गेला पाहिजे. आणि वायरिंग करताना अर्थिंगवर पैसे वाचवू नका. हे मी बाप म्हणून नाही, मोटारी भरणारा म्हणून सांगतोय.

परवा पेट्या ठेवायच्या खोलीत पाणी झिरपलं, म्हणून सामान बाहेर काढलं. त्यात तुझी वही निघाली. आठवते? निळ्या पुठ्ठ्याची. शाळा बुडवून तुला जत्रेला न्यायचो म्हणून मास्तर ओरडायचे, तर मी त्यांना सांगायचो की पोरगी तिथं गणितच करते. खोटं नव्हतं ते. पुसेगाव, म्हसवड, औंध, पाल, प्रत्येक जत्रेचं पान वेगळं. पुरुषांच्या बाजूची तिकिटं इतकी, बायकांच्या बाजूची इतकी, गल्ला इतका, फरक इतका. ‘फरक’ला तू दोनदा खाली रेघ मारायचीस. म्हसवडला सलग तीन रात्री हिशेब चुकला आणि मालक माझ्याकडं संशयानं बघायला लागला, तेव्हा तूच मशीनच्या ट्रकवर चढून बसलीस, कनातीकडं बघत. आणि खेळ अर्ध्यावर आला तेव्हा खाली उतरून मला सांगितलंस, ‘आबा, दारावरचा काका फाटलेलं तिकीट परत देतोय.’ आठ-नऊ वर्षांची असशील. मालकानं तुला खाऊला पैसे दिले, आणि मी तुला खांद्यावर घेऊन सबंध जत्रा फिरवली. कुणीही भेटलं की सांगायचो, हिनं चोर पकडला. तू लाजून माझे केस ओढायचीस.

ती वही वाचत बसलो आणि तुझं ते वाक्य परत टोचलं. मी तुला एवढंच विचारलं होतं, किती मिळाले त्यावर? आणि तू म्हणालीस, ‘ते ह्यांना माहीत.’

माई, तुला माहीत नाही? तुला?

मशीनवर असताना मी सिनेमा असा कधी बघितलाच नाही. ऑपरेटरची नजर पडद्याच्या वरच्या उजव्या कोपऱ्यात. रीळ संपत आलं की तिथं ठिपका येतो, डोळ्याचं पातं लवेपर्यंत जातो. तो दिसला की दुसरं मशीन चालू करायचं, पुन्हा दिसला की इकडचं बंद करून तिकडचा उजेड सोडायचा. चुकला तर पांढरा पडदा आणि पब्लिकच्या शिट्ट्या. खाली हजार माणसं बसलेली असतात, त्यांतल्या एकालाही तो ठिपका दिसत नाही. तुझं ते वाक्य मला तसं दिसलं. बाकी सगळं छान चाललं होतं. तू हसत होतीस, मेंदी काढलेली होती, झोक्यावर बसून वरच्या आळीतल्या पोरींशी गाणी म्हणत होतीस. आईला तर तू जाईपर्यंत वाटत होतं की मी उगाच खुसपट काढतोय.

कदाचित काढतही असेन. म्हाताऱ्या माणसाला काम कमी, म्हणून ठिपके जास्त दिसतात.

‘माहेरची साडी’ आपण किती जत्रांना लावला असेल! आला 1991 ला, पण पुढं कितीतरी वर्षं मालक म्हणायचा, दुसरं काही नाही चाललं तर तो आणा. बायका ट्रॅक्टर भरभरून यायच्या. शेवटच्या रिळांना कनातीच्या त्या बाजूनं असं काही रडणं उठायचं की स्पीकरचा आवाज वाढवावा लागायचा. अलका कुबल सोसते, सोसते, आणि जाते. पुरुषांच्या बाजूलाही उपरण्यांनी डोळे पुसायचे, आणि खेळ सुटल्यावर तेच पुरुष ट्रॉलीत बायको चढायला उशीर करते म्हणून खेकसायचे. मी वरून बघायचो. एकदा औंधला एक म्हातारी ट्रकपाशी आली, मला म्हणाली, ‘शेवटचं रीळ लावू नगं रं बाबा, काल बघितलंय मी, पोरगी मरती त्यात.’ आज पुन्हा तिकीट काढून आली होती. मी म्हटलं, ‘आजी, लोकांनी पैसे दिलेत, लावावं लागतंय.’ ती चाकापाशी खाली बसून राहिली, पडद्याकडं पाठ करून. खेळ सुटेपर्यंत उठली नाही.

त्या सिनेमाचा मला राग आहे, हे मी कधी बोललो नाही, कारण त्याच्यावर आपलं घर चाललं. तुझी सायकल त्यातनं आली. पण सोसणारी बाई म्हणजे देवी, हे इतक्या बायकांना इतक्या वेळा मीच दाखवलं, माझ्या हातानं मशीनच्या दिव्याला कार्बनच्या कांड्या लावून. तूही त्या ट्रकवर पेट्यांना टेकून ते बघत झोपी जायचीस. लहान होतीस तेव्हा एकदा विचारलंस, ‘ती घरी येऊन सांगत का नाही?’ मी काय उत्तर दिलं मला आठवत नाही. बहुतेक रीळ बदलत असेन.

आता तू म्हणशील, आबा, कुठली गोष्ट कुठं नेली, मी काही सोसत नाहीये. नसशील. देव करो नसशील.

जावईबापूंबद्दल माझ्या मनात काही नाही, हे त्यांना वाचून दाखवलंस तरी चालेल. तुझी आजी निळू फुले पडद्यावर आले की बोटं मोडायची. मी तिला सांगायचो की अगं, हा माणूस सेवा दलातला, एके काळी पुण्यात माळीकाम केलेला, बाहेर अतिशय साधा. तिला ते कधी पटलं नाही. ‘डोळे बघ मेल्याचे,’ म्हणायची. तेव्हापासून मी माणसाच्या चेहऱ्यावर जात नाही, चांगल्याही नाही आणि वाईटही नाही. जावईबापू कष्टाळू आहेत, चाकणच्या कंपनीत इतकी वर्षं रात्रपाळ्या काढल्या, स्वतःचं काही करावं वाटलं त्यात वावगं काय? मी तंबूची नोकरी सुटल्यावर मोटारी भरायला बसलो तेव्हा तुझ्या मामांनी नाकं मुरडलीच होती. धंदा करणाऱ्याला भांडवल लागतं, ते घरातनंच निघतं. हे सगळं मला कळतं. पाटल्या गेल्या तरी चालतील. सोनं हे अडीनडीलाच असतं, तुझी आजीसुद्धा हेच म्हणायची.

आजीचं तुला अर्धवट माहीत आहे. बहात्तरच्या दुष्काळात याच पाटल्या तिनं गहाण टाकल्या, एवढं तू ऐकलंयस. कशा टाकल्या ते ऐक. विहिरीला थेंब नव्हता, बैलं छावणीला, ती आणि माझे वडील, दादा, खडी फोडायच्या कामावर. आम्ही पोरं मिलोची लाल भाकरी आणि सुकडी खाऊन होतो. दादा म्हणाले, ‘आण त्या, मी ठेवून येतो.’ ती म्हणाली, ‘मी येते.’ पेठेतल्या सराफाच्या दुकानाची पायरी चढताना तिनं दादांना खाली थांबवलं आणि मला बरोबर घेतलं, कारण तिला अक्षर येत नव्हतं आणि मी चौथीत होतो. सराफानं चिठ्ठी लिहिली. ती मला म्हणाली, ‘वाच, मोठ्यानं.’ मी वजन वाचलं, रक्कम वाचली, व्याज वाचलं. ‘नाव?’ म्हणाली. सराफानं दादांचं नाव घातलं होतं, तेव्हा तसंच असायचं. आजी म्हणाली, ‘माझं घाला.’ तो हसला, म्हणाला, घर एकच की. ती म्हणाली, ‘घर एक हाय, पाटल्या माझ्या हायत.’ दुसरी चिठ्ठी लिहून घेतल्याशिवाय ती हलली नाही. दादा खाली उन्हात उभे, त्यांनी सगळं ऐकलं. रस्त्यानं दोघंही नेहमीसारखी बोलत गेली. मला वाटलं होतं घरी जाऊन भांडण होणार, पण काही झालं नाही. दोन सुग्या पदरात पडल्यावर तिनं त्या सोडवून आणल्या, ती स्वतः गेली, आणि मला पुन्हा नेलं वाचायला.

त्या पाटल्या तुझ्या हातात घालताना ती बोलली काहीच नव्हती. बोलायची सवयच नव्हती तिला. तुझं मनगट बारीक, म्हणून आतून दोरा गुंडाळून दिला होता.

लांबलं. मी असं लिहिणारच नव्हतो. चार ओळी लिहून, गौरीला ये, तुझी आई वाट बघते, एवढंच कळवायचं होतं. तर गौरीला ये. जावईबापूंनाही घेऊन ये, त्यांना गाळ्याच्या वायरिंगचा कागदावर आराखडा काढून देतो. दाद्याच्या धाकटीला सायकल शिकवायची जबाबदारी तिनं तुझ्यावर टाकली आहे, दुसऱ्या कुणाला हात लावू देत नाही. पाऊस इकडं बरा आहे, घेवडा चांगला आला आहे. माझ्या डोळ्याचं ऑपरेशन दिवाळीनंतर ठेवलं आहे, काळजीचं काही नाही, मोतीबिंदूच आहे. आईला अजून सांगितलेलं नाही, तूही सांगू नकोस.

मला तुझी भीती वाटत नाही, माई. ज्या पोरीनं आठव्या-नवव्या वर्षी कनातीतला चोर धरला तिच्याबद्दल भीती कशाला वाटेल? हे मी रात्री अंथरुणावर स्वतःला सांगतो. मग उठून पाणी पितो.

मोठ्यांना नमस्कार, लहानांना आशीर्वाद.

तुझे,
आबा

ता. क. बँक असो की दुसरं कुणी, सोन्यावरच्या कर्जाची मुदत बहुतेक वर्षाची असते. ती उलटली, व्याज थकलं, की नोटीस येते आणि मग लिलाव. नोटीस ज्याच्या नावावर कर्ज आहे त्याच्याच नावानं, त्यानं दिलेल्या पत्त्यावर जाते, आणि सोडवायलाही तोच माणूस लागतो. तेव्हा पावती एकदा स्वतः हातात घेऊन बघ. वजन, रक्कम, व्याज, तारीख. हवं तर फोन लाव आणि मला वाचून दाखव, मी नुसता ऐकीन, मधे बोलणार नाही. रक्कम सांगू नकोस वाटलं तर सांगू नकोस. नाव कुणाचं आहे तेवढं वाच.